तबकडीतला गंधार

'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी ज्याने कधीच ऐकलेली नाही असा गाण्याचा शौकीन महाराष्ट्रात सहसा सापडणार नाही. ठुमरी उत्तरेतली, शब्द ब्रजभाषेच्या वळणाचे, पण ज्या तबकडीने ती घरोघर पोचवली तिच्यावरचा आवाज मिरजेचा. अब्दुल करीम खाँ यांनी ती ओडियन कंपनीसाठी गायिली, पुढे कोलंबियाच्या शिक्क्याने ती पुन्हा निघाली, मग लाँगप्लेवर आली, कॅसेटवर आली आणि आता खिशातल्या टेलिफोनवरही आहे. जेमतेम काही मिनिटांचे हे गाणे इतकी वर्षे टिकले त्याची कारणे संगीताच्या जाणकारांनी सांगावीत. पण या गाण्याच्या आणि तबकडीच्या इतिहासात पदार्थविज्ञानाचा एक जुना, न मिटलेला वाद गुंतलेला आहे. तो वाद सांगली आणि सातारा या दोन गावांत उभा राहिला. शाळेत 'ध्वनी' हे प्रकरण शिकवणाऱ्यांना त्यात बरेच काही सापडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या किराना गावचा. बडोद्याच्या दरबारात काही काळ काढून ते मुंबईमार्गे मिरजेला आले आणि हेच गाव त्यांचे घर झाले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. प्लेगची गाठ आली असता खाँसाहेबांनी मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणे म्हटले आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत सांगतात. गाठीच्या प्लेगमधून काही रोगी औषधाविनाही वाचत असत, एवढे नमूद करून ती आख्यायिका आपण तिथेच ठेवू. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर असताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मात्र मिरजेत, त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी तिथे अजूनही गवई हजेरी लावतात.

मिरजच का, असा प्रश्न पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सगळा टापू गाण्याने भारलेला होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीच घडले. शेजारी सांगलीत मराठी नाटकाचा पाया १८४३ सालीच घातला गेला होता. मिरजेतले शिकलगार, म्हणजे पूर्वी हत्यारांना पाणी देणारे कारागीर, तंबोरे आणि सतारी घडवू लागले होते. पंढरपूरकडच्या भागातून येणारे मोठे भोपळे सुकवून, कापून त्यांचे तंबोरे होत. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) गवई, नट, वाद्ये घडवणारे आणि ऐकणारे संस्थानिक इतक्या थोड्या अंतरात एकत्र असल्यावर तिथे स्वरांची मोजदाद करणारा एखादा निघाला नसता तरच नवल.

आजच्या वाचकासाठी एक खुलासा. त्या वेळी सातारा हा इंग्रजी मुलखातला जिल्हा होता, तर सांगली आणि मिरज ही संस्थाने होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली 'दक्षिण सातारा' असा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे जुन्या कागदांत सातारा-सांगलीची नावे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

कर्ण्यापुढचे गाणे

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करण्यासाठी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला. गौहरजान यांचे आवाज त्याच खेपेतले. त्यानंतर काही वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, तेहेतिशीच्या अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्या काळी वीज, मायक्रोफोन, ध्वनिवर्धक यांपैकी काही नव्हते. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा त्या हवेच्या कंपनांनी हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या चकतीवर नागमोडी रेघ कोरायची. कोरण्यासाठी लागणारी सगळी ऊर्जा गवयाच्या फुप्फुसांतून येत होती. मेणावरून धातूचा साचा करायचा आणि त्या साच्याने लाखेच्या तबकड्या छापायच्या. लाख आपल्याकडच्या जंगलांतली, कारण लाखेचे किडे इथे. पण छापखाना प्रथम जर्मनीत, हॅनोव्हरला. कलकत्त्याजवळ सियालदाला १९०८ साली कारखाना निघेपर्यंत आपली लाख आणि आपले गाणे दोन्ही जर्मनीला जाऊन परत येत होती.

तबकडीत नुसती लाख नसे. दगडाची बारीक पूड तिच्यात मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची होई. जुनी तबकडी ऐकताना येणारी अखंड खरखर बरीचशी या पुडीची असते. ती धुळीची आहे असे समजून आपण तबकडी पुसत बसतो!

कर्ण्याला सगळे ध्वनी सारखे झेपत नसत. साधारण दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचे आणि दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे बहुतेक गळून पडे. आता झिंझोटी हा राग पाहा. त्याची सारी गोडी मंद्र सप्तकात, खालच्या पंचम-धैवतावरून षड्जाकडे येण्यात आणि मग मध्यमावरून गंधारावर विसावण्यात. गवयाचा षड्ज १६० हर्ट्झ मानला तर मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १२० हर्ट्झ होतो. कर्ण्याच्या दृष्टीने हा स्वर जवळजवळ नाहीच. तरीही जुन्या तबकड्यांवर मंद्र स्वर ऐकू येतात. याचे कारण आपल्या मेंदूत आहे. १२० हर्ट्झचा मूळ स्वर गेला तरी त्याचे २४०, ३६०, ४८० हर्ट्झचे उपस्वर शिल्लक राहतात. त्यांच्यामधले सारखे अंतर हेरून मेंदू गैरहजर असलेल्या मूळ स्वराची जागा भरून काढतो. टेलिफोनवरही आपण हेच करतो: पुरुषाच्या आवाजातला मूळ स्वर तारेतून बहुधा येतच नाही, तरी आवाज बायकी वाटत नाही.

१९२५ नंतर कर्णा मागे पडला आणि मायक्रोफोन आला. साधारण शंभरपासून पाच हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी तबकडीवर उतरू लागला, आणि ओरडून गाण्याची सक्ती संपली. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा, धागा ओढावा तसा अखंड निघणारा. असल्या आवाजाला मायक्रोफोन मानवतो. आज आपण जे अब्दुल करीम खाँ ऐकतो ते बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, ओडियनच्या तबकड्यांवरचे. १९०५ च्या सुमाराचे तरुण अब्दुल करीम फार थोड्यांनी ऐकले आहेत.

वेळेचे बंधन मात्र तसेच राहिले. दहा इंची तबकडीवर कोरलेला पट्टा सुमारे सत्तर मिलिमीटर रुंद. एका इंचात साधारण शंभर खाचा धरल्या तर पावणेतीनशे फेऱ्या होतात. मिनिटाला ७८ फेऱ्या या हिशेबाने साडेतीन मिनिटे. तासभर चालणारा राग एवढ्यात कसा मांडायचा? पुष्कळ गवयांनी द्रुत ताना कोंबून वेळ भरला. 'पिया बिन' मध्ये खाँसाहेबांनी तसे केले नाही. ठुमरीचा मुखडा ते परतपरत घेतात आणि प्रत्येक वेळी त्याच दोन-तीन स्वरांशी नव्याने बोलतात. माझ्या मते हे गाणे लोकप्रिय होण्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे. एकदा ऐकून ते सामान्य माणसालाही गुणगुणता येते.

साताऱ्याची मंडळी आणि सांगलीची तार

आता वादाकडे वळू. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे गृहस्थ, डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या बावीस जागा नेमक्या कोणत्या, त्यांची कंपनसंख्या किती, हे आजचे गवई गातात त्यावरून मोजून काढावे अशी देवलांची धारणा होती. हेल्महोल्ट्झचा स्वरशास्त्रावरचा ग्रंथ १८६३ सालीच प्रसिद्ध झाला होता आणि एलिसने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध होते. गरज होती ती सुरात पक्क्या आणि प्रयोगाला कंटाळणार नाही अशा गवयाची. तो मिरजेत मिळाला. घराण्याची विद्या झाकून ठेवण्याच्या त्या काळात एक खाँसाहेब मोजमाप करणाऱ्यासमोर बसून एकेक स्वर लावून दाखवतो, ही घटना मला त्या श्रुतींच्या तक्त्यापेक्षाही मोलाची वाटते. देवलांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले.

अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आय.सी.एस. अधिकारी या कामात देवलांचे सहकारी झाले. दोघांच्या पुढाकाराने १९११ साली साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था निघाली. १९१३ साली क्लेमेंट्स यांचे हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारे पुस्तक आले. आणि या सगळ्यातून तयार झाली श्रुतींची पेटी, म्हणजे नेहमीच्या बारा सुरांऐवजी सप्तकातल्या बावीस जागा वाजवू शकणारी हार्मोनियम.

मोजणी कशी करायची हे शाळेतल्या सोनोमीटरवर सहज दाखवता येते. ताण कायम ठेवला तर तारेची कंपनसंख्या तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. नव्वद सेंटिमीटरची तार षड्जात मिळवा. घोडी सरकवत तार गवयाच्या गंधाराशी जुळवा आणि लांबी मोजा. गंधार षड्जाच्या ५/४ पट असेल तर लांबी बरोबर ७२ सेंटिमीटर भरेल. पंचमाच्या पायऱ्यांनी, षड्ज-पंचम-ऋषभ-धैवत असे चढत गेल्यावर मिळणारा गंधार ८१/६४ पट असतो. त्याची लांबी ७१.१ सेंटिमीटर. आणि बाजारातल्या पेटीचा गंधार, जिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्याची लांबी ७१.४ सेंटिमीटर. पहिल्या दोन गंधारांत घोडीचा फरक नऊ मिलिमीटरांचा. एवढा फरक नववीतला विद्यार्थीही पट्टीने मोजील, आणि नीट ऐकले तर कानानेही ओळखील.

स्वरांतली अंतरे मोजण्यासाठी एलिसने 'सेंट' हे एकक काढले. सप्तकाचे १२०० सेंट, पेटीच्या लगतच्या दोन सुरांत १००. त्या हिशेबाने ५/४ चा गंधार ३८६ सेंटवर, पेटीचा ४०० वर आणि ८१/६४ चा ४०८ वर. दोन टोकांच्या गंधारांमधले हे साडेएकवीस सेंटचे अंतर पुढे लक्षात ठेवायचे आहे.

१९१६ साली बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे देवल-क्लेमेंट्स यांचा श्रुतिविचार आणि त्यांची पेटी मांडली गेली. पंडित भातखंडे यांना ते पटले नाही. जुन्या ग्रंथांतल्या श्रुतींचा आजच्या रागांशी असा अपूर्णांकी संबंध जोडता येत नाही, अशी त्यांची बाजू होती. पेटीचा प्रसार झाला नाही. उलट बारा सुरांची साधी पेटीच घरोघर गेली. तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. आणि त्या बंदीमागचे एक कारण देवलांचेच होते, की या पेटीत आपल्या श्रुती नाहीत.

तंबोऱ्यातून येणारा गंधार

देवलांचे बरोबर की भातखंड्यांचे? उत्तर देण्याआधी तंबोऱ्याकडे पाहिले पाहिजे. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते. तरीही चांगल्या जव्हारीचा तंबोरा वाजू लागला की त्यातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वराची कंपनसंख्या मूळ स्वराच्या पाचपट. ती दोन सप्तके खाली आणली, म्हणजे चाराने भागली, की उरते ५/४. देवलांचा गंधार असा तंबोऱ्याच्या पोटातच आहे.

हा पाचवा उपस्वर इतका ठळक का, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घेतला. साध्या तारेच्या बाबतीत नियम असा की, जिथे तार छेडली त्या जागी ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो तो उपस्वर निर्माणच होत नाही. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांना आढळले. तंबोऱ्याची तार धारदार घोडीवर टेकत नाही. ती रुंद, किंचित गोलसर घोडीवरून जाते आणि खाली घातलेला सुताचा दोरा तिला हव्या त्या जागी उचलून धरतो. कंप पावताना तार घोडीला चाटत राहते आणि तिची ऊर्जा पुन्हापुन्हा वरच्या उपस्वरांत वाटली जाते. दोरा केसभर सरकवला की तंबोरा 'बोलू' लागतो ते यामुळे. तंबोरा मिळवण्याच्या बाबतीत खाँसाहेबांचा लौकिक मोठा होता, आणि झिंझोटीत तर गंधारावर विसावा. ज्या गवयाच्या कानाशी ५/४ चा गंधार अखंड वाजतो आहे तो त्याच्या आसपासच स्थिरावेल, यात गूढ काही नाही. गायलेला गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार यांत थोडा फरक पडला तरी ठोके ऐकू येतात. पाचवा उपस्वर आठशे हर्ट्झवर असेल तर एक टक्का फरकाने सेकंदाला आठ ठोके पडतात. ते कानाला खुपतात.

इथवर देवलांची बाजू भक्कम आहे. पुढे ती सैल होते. सोनोमीटरशी जुळवण्यासाठी गवयाने एक स्वर धरून ठेवावा लागतो. पण गाताना तो स्वर धरून ठेवत नाही. शिवाय एकदा तार वाजू लागली की गवयाचा गळा नकळत तारेकडे झुकतो. मोजणाऱ्याच्या मनात ५/४ असेल तर दोघे मिळून तिथेच पोचण्याचा संभव अधिक. देवलांनी काही लपवले असे मला म्हणायचे नाही. हा पद्धतीतला दोष आहे, माणसातला नव्हे. गंधार तंबोऱ्यात सापडतो म्हणून सगळ्या बावीस जागा तशाच नेमक्या सापडल्या पाहिजेत, हाही निष्कर्ष ओढूनताणून काढलेला वाटतो. १९६३ साली जैरजभाय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रित वादन-गायनावरून प्रत्यक्ष मोजमापे केली. एका कलावंताचा गंधार दुसऱ्याच्या गंधाराशी जुळत नाही, इतकेच नव्हे तर एकाच मैफिलीत एकाच कलावंताचाही तो सरकतो, असे त्यांना दिसले. ठरलेल्या बावीस जागांचा पुरावा मिळाला नाही.

मग सगळ्यात चांगला साक्षीदार कोण? देवलांसमोर बसून स्वर लावून दाखवणारे खाँसाहेब आज नाहीत, पण देवलांना आणि भातखंड्यांना विसरून गाणारे खाँसाहेब तबकडीवर आहेत.

साक्षीदाराची उलटतपासणी

पहिली शंका अशी की तबकडी कोणत्या वेगाने कोरली होती हे नक्की नसते. '७८' हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात स्प्रिंगच्या किंवा वजनाच्या यंत्रावर मिनिटाला सत्तर-बहात्तर फेऱ्यांपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही वेग असे. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजवली तर गाणे पेटीच्या एका पूर्ण सुराने चढते. म्हणूनच एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या निरनिराळ्या पट्टीत ऐकू आल्या तर दचकू नये. खाँसाहेब अमुक पट्टीत गात असे तबकडीवरून ठामपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वेग वाढला की मुखाच्या पोकळीचे अनुनादही वर सरकतात आणि आवाज अधिक बारीक, थोडा अनुनासिक होतो. करीम खाँसाहेबांच्या आवाजाविषयी पिढ्यान्‌पिढ्या जे बोलले गेले त्यातला किती भाग गळ्याचा आणि किती स्प्रिंगचा, हे प्रत्येक तबकडीपुरते वेगळे तपासावे लागेल.

पण श्रुतींचा प्रश्न या शंकेतून सुटतो! वेग दीडपट करा की पाऊणपट, षड्ज आणि गंधार एकाच प्रमाणात चढतात-उतरतात. त्यांचे गुणोत्तर तेच राहते. देवलांना हवे होते ते गुणोत्तरच. वर्गात हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. कोणतेही गाणे संगणकावर दीडपट वेगाने लावावे, ते बेसूर होत नाही, चढते एवढेच.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. तबकडीचे मधले भोक पुष्कळदा नेमके मध्यावर नसते. ते अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असले तरी मध्यापासून शंभर मिलिमीटरवरच्या खाचेत सुईखालचा वेग प्रत्येक फेरीत अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. म्हणजे स्वर साडेआठ सेंट वर, साडेआठ खाली. गाणे संपता संपता सुई आत, पन्नास मिलिमीटरवर येते तेव्हा हाच झोका दुप्पट होतो: सतरा वर, सतरा खाली, एकूण चौतीस. दोन गंधारांमधले आपले अंतर साडेएकवीस सेंटचे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने बावीस श्रुतींचा वाद त्या तबकडीपुरता निकालात निघतो.

यावर इलाज आहे. तबकडीचा एक फेरा ०.७७ सेकंदाचा. स्वराच्या आलेखात बरोबर तेवढ्याच अंतराने येणारा झोका दिसला तर तो तबकडीचा. गणिताने काढून टाकता येतो. मागे उरते ते गवयाचे. स्वराचा आलेख काढण्यासाठी ॲम्स्टरडॅममध्ये भाषाभ्यासासाठी तयार झालेली 'प्राट' ही संगणकप्रणाली फुकट मिळते. ती वापरून ही ठुमरी उलगडून पाहिली तर पडद्यावर जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. मध्यमावरून गंधारावर उतरणारी मींड ही एक लांब, सावकाश वळणारी रेघ असते. तिच्यात गंधार म्हणून कोणता बिंदू धरायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो पट्टीने सुटत नाही. देवलांच्या तारेवर गंधाराला एकच लांबी होती. गाण्यात त्याला येण्याची एक वाट आहे, थोडा मुक्काम आहे आणि जाण्याची दुसरी वाट आहे.

तबकडीच्या बाहेर

गाणे मात्र या कशाची वाट पाहत थांबले नाही. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या हिंदी 'देवदास' मध्ये कुंदनलाल सैगल यांनी हीच ठुमरी गायिली, मुखड्यातल्या शब्दांचा क्रम किंचित बदलून. तिथे मैफिलीचा थाट नाही, एक एकटा माणूस स्वतःशी गातो आहे. सैगल यांनी ती कोणाजवळ बसून शिकण्याऐवजी तबकडीवरून उचलली असावी, असे ऐकताना वाटत राहते. चित्रपटामुळे ती अशा लोकांपर्यंत गेली ज्यांनी झिंझोटी हे नावही ऐकले नव्हते.

तिकडे गदगमध्ये एका शाळकरी मुलाने दुकानात लागलेल्या खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्या: वसंतातली 'फगवा ब्रिज देखन को' आणि झिंझोटीतली ही ठुमरी. असे गाता आले पाहिजे या ध्यासाने तो १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. उत्तरेत बरीच वणवण करून शेवटी तो शिकला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गुरूपासून शिष्याकडे जाणारी विद्या आधी लाखेच्या तबकडीवरून पोचली आणि गुरू नंतर भेटला, असे पूर्वी घडत नसे. खाँसाहेबांच्या तबकड्यांमुळे ते पुष्कळांच्या बाबतीत घडले. फिरोज दस्तूर यांनी 'गोपाला मेरी करुणा' उभ्या आयुष्यभर गायिली, तीही मूळ खाँसाहेबांचीच.

ज्या शाळेत जुना ग्रामोफोन असेल तिथे एक प्रयोग करून पाहावा. कागदाच्या चकतीवर कडेने समान अंतरावर ७७ काळ्या रेघा काढा आणि ती तबकडीवर ठेवून चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि मिनिटाला ७७.९ फेऱ्या होत असताना रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. नव्या एल.ई.डी. दिव्यांखाली हे बहुधा दिसत नाही, कारण त्यांतले पुष्कळसे तसे लुकलुकत नाहीत. वेग असा जुळवल्यावर एखादी तबकडी लावा, शक्यतो जिच्यावर साथीला पेटी आहे अशी, आणि सुईच्या भुजेकडे बाजूने पाहा. भुजा प्रत्येक फेरीत आत-बाहेर डोलत असेल तर भोक मध्यावर नाही. मग डोळे मिटून फक्त पेटी ऐका. गवयाचा स्वर हलला तर ती मींड असेल, आंदोलन असेल, काहीही असेल. पेटीला मींड येत नाही. तिचा लांबवलेला सूर पाऊण सेकंदाला एकदा डोलताना ऐकू आला तर तो दोष तबकडीचा समजावा, आणि त्या तबकडीवरचा गंधार मोजण्याआधी तो झोका वजा करावा.